महिनाभर थांबा

राधाकृष्ण सरांचा फोन आला तेव्हा प्रज्ञा डबा खाऊन नुकतीच जागेवर बसली होती. सर पुण्याच्या मुख्य ऑफिसातून रोजच फोन करायचे, पण एरवी स्पीकरवर, सगळ्यांशी एकदम बोलायचे. त्या दिवशी त्यांनी आधी विचारलं, जवळपास कोणी आहे का. प्रज्ञा फोन घेऊन जिन्यात आली.

नगरचं हे ऑफिस सावेडीत होतं. खाली चष्म्यांचं दुकान आणि वर हे. पुण्यातली एक कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटची नोंद, बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं त्यावर चालायचं. ते कुठे अडकलं की त्या दवाखान्यातून नगरला फोन यायचा आणि प्रज्ञाच्या हाताखालची दहा-बारा पोरं-पोरी ते मार्गी लावायची. यातलं कोणीच त्या कंपनीचं नव्हतं. माणसं पुरवणारी एक मधली कंपनी होती, तिला सगळे व्हेंडर म्हणत. काम कंपनीचं, पगार व्हेंडरचा. अकरा महिन्यांचं कंत्राट, ते संपलं की दोन-चार दिवस घरी बसायचं आणि नवं पत्र घेऊन परत यायचं. प्रज्ञा इथे आठ वर्षं होती. या आठ वर्षांत व्हेंडर तीनदा बदलले. दर वेळी तिने जुन्याकडे राजीनामा दिला, नव्याकडे नव्याने लागली आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याच खुर्चीत बसली.

सरांनी फार घोळवलं नाही. या महिन्याअखेरीस नगरचं कंत्राट संपत होतं आणि ते पुढे वाढवायचं नाही असं वर ठरलं होतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. दवाखान्यांच्या बहुतेक तक्रारी आता तीच निस्तरणार होती, उरलेलं पुण्यातून बघणार होते. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना मेल जाईल, तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. माणसं आधीच पांगली तर इकडे दवाखाने अडून बसतील.

"सर, मी पण?" प्रज्ञाने विचारलं.

मग सर म्हणाले, "कंत्राट सगळ्यांचं एकच आहे प्रज्ञा. एखाद-दुसरा ठेवता येतोय का ते बघतोय मी. पण माझ्या हातात फारसं नाही."

ते खरंच बोलत होते हे तिला कळत होतं. सर माणूस वाईट नव्हता. त्यांच्या वरही कोणी होतं आणि त्या कोणाच्या वरही कोणीतरी, जे नगरला कधी आलेही नव्हते. ती आत येऊन बसली. समोरच्या रांगेत पोरं हेडफोन लावून बोलत होती. एक जण कोपरगावच्या कुठल्या दवाखान्यातल्या बाईला अगदी शांतपणे समजावत होता की मॅडम, घाबरू नका, बिल कुठेही जात नाही.

तिला सगळ्यात आधी आठवण झाली ती रविराजची.

रविराज घोडेगावचा. त्याचे वडील बजरंग जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. बाजाराच्या दिवशी त्यांना जेवायला फुरसत नसे, बाकीचे दिवस शेतात. पोराला त्यांनी इंजिनियर केलं आणि तो नगरला खोली करून राहिला, याचा त्यांना अभिमान होता. ऑफिसात रविराजकडे एक वेगळंच काम होतं. रक्त-लघवी तपासायच्या मशिनी सॉफ्टवेअरला जोडायच्या, म्हणजे रिपोर्ट हाताने लिहावा लागत नाही. जुन्या दवाखान्यांत जुन्या मशिनी असत, कोणाची कंपनीच बंद पडलेली, कोणाचं माहितीपुस्तक हरवलेलं. रविराज त्यांच्यापुढे तासन्‌तास बसायचा आणि त्यांना बोलतं करायचा.

त्याचं लग्न जमत नव्हतं. तीन ठिकाणी बोलणी झाली होती. मुलगा पसंत पडायचा, घर पसंत पडायचं, मग कोणीतरी विचारायचं की नोकरी कायमची ना, आणि तिथेच थांबायचं. तिसऱ्यांदा नकार आला तेव्हा तो प्रज्ञाला म्हणाला होता, "ताई, आपण पगारावर काम करतो ते कुणाला खरं वाटत नाही. कंत्राटी म्हटलं की लोकांना वाटतं हा टाइमपास करतो."

या वेळी मात्र जमल्यासारखं होतं. मुलगी मिरजगावची, ज्योती. फार्मसी शिकलेली, गावातल्याच मेडिकलमध्ये कामाला. रविराज तिला पाहून आला आणि दोन दिवस नुसता हसत होता. त्याने प्रज्ञाला सांगितलं होतं की मुलीने पगार विचारला नाही, काम विचारलं. मशिन रिपोर्ट कसा पाठवते ते त्याने सांगितलं तर तिला ते कळलं, वर तिने एक शंकाही काढली. ही शंका काढल्याची गोष्ट त्याने प्रज्ञाला नंतर पुन्हा एकदा सांगितली. आता दोघं फोनवर बोलत होते. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची राहिली होती. तिचे वडील एखादे दिवशी ऑफिसात येऊन चौकशी करतील, असं तो म्हणाला होता. "तुम्ही काय ते चांगलं सांगा, ताई."

ते आले गुरुवारी. रविराज त्या दिवशी श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात मशिन बघायला गेला होता. सहादेव नाव त्यांचं. मिरजगावला हमरस्त्याच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेटं, खिडक्यांचे गज बनवायचे. माळीवाड्याला एसटीतून उतरून रिक्षाने विचारत विचारत आले होते. पांढरा शर्ट, हातांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग, डोळे कायमचे लालसर. चप्पल बाहेर काढून ते आत आले आणि सगळे बूट घालून बसलेत हे बघून परत बाहेर जाऊन घालून आले.

ऑफिसात बसून हे बोलणं नको, म्हणून प्रज्ञा त्यांना शेजारच्या चहाच्या हॉटेलात घेऊन गेली.

त्यांनी मुलाचं विचारलं. स्वभाव, संगत, पिणं-खाणं, चिडतो का, मोठ्यांशी कसा बोलतो. प्रज्ञाने जे होतं ते सांगितलं आणि त्यात तिला कुठेही अडखळावं लागलं नाही. सहादेव मान हलवत ऐकत होते. त्यांनी दुसरीकडेही चौकशी केली होती बहुतेक, कारण तिने सांगितलेलं ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. मग त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"ताई, येक इचारतो. नोकरी टिकंल का?"

प्रज्ञा म्हणाली की काका, आमच्या या लाईनीत असं कोणाचंच सांगता येत नाही.

"ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "माजी थोरली पोरगी आरती. पुन्यात दिली हुती. जावई असाच कंप्युटरवाला. पोरगं गुनाचं, अजून बी गुनाचंच हाय. त्याचं कंत्राट गेलं आन त्यानं घरी सांगितलंच न्हाई. सकाळी डबा घिऊन, बॅग घिऊन जायाचा आन बागंत बसून ऱ्हायाचा. लई दिवस. पोरीला शेजारनीकडून कळलं. आता दोगं बी मिरजगावात हायती. जावई माज्या दुकानात गेटं घासतो. इंजिनेर मानूस."

त्यांनी कप खाली ठेवला.

"माजा त्याच्यावर राग न्हाई. पन त्या येळी बी आतल्या कुनाला तरी आदीच ठावं असंल की. त्यानं लग्नाआदी येक शब्द टाकला असता तर? म्हनून तुमाला इचारतो. तुमी आतल्या हायेत."

प्रज्ञाला वाटलं की उठून वर जावं. सरांना दिलेला शब्द होता, वर बसलेल्या दहा-बारा जणांची पोटं होती आणि समोर हा माणूस होता, ज्याने इतकी साधी गोष्ट मागितली होती की तिला नाही म्हणायला कारण सापडेना. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते घोडेगावला, तिथून ऑफिसात पोचलं असतं. टिकेल म्हणून सांगितलं तर आणखी एक पोरगी तिच्या शब्दावर जाणार होती.

"महिनाभर थांबा," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मुलगा चांगला आहे काका, त्यात काही खोट नाही. फक्त महिनाभर थांबा आणि मग ठरवा. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही."

सहादेवांनी तिच्याकडे बघितलं. पुढे काही विचारलं नाही. चहाचे पैसे तिला देऊ दिले नाहीत आणि जाताना हात जोडून गेले. प्रज्ञाला थोडं हलकं वाटलं. महिन्याभरात मेल येईल, रविराज स्वतःच त्यांना सांगेल, मग ते बघतील काय करायचं ते. ज्योतीला मुलगा आवडलाय, कदाचित थांबतीलही. असा तिने हिशेब केला होता.

संध्याकाळी तिने हे आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे तिचे वडील भीमराज. भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागले ते तिथूनच निवृत्त झाले. एक नोकरी, एक पेन्शन. प्रज्ञाचा नवरा कामानिमित्त नाशिकला असे, म्हणून ती आणि तिचा मुलगा आप्पांकडेच राहत. आप्पा नुकतेच विहारातून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कंत्राट संपतंय हे तर ती त्यांना पहिल्यांदाच सांगत होती, पण त्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या पोराला सांगितलंस का?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मंग अर्धंच सांगितलंस तू," आप्पा म्हणाले. "बापाला सांगितलंस, पोराला न्हाई."

तिने सांगायचा प्रयत्न केला की रविराजला सांगितलं असतं तर त्याने बाकीच्यांना सांगितलं असतं, आणि सरांना दिलेला शब्द, आणि दवाखाने. आप्पा ऐकत होते, पण हे सगळं त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांच्या नोकरीत माणसाला काढायचं म्हणजे वर्षभर कागद फिरत. ते म्हणाले की मला यातलं कळत नाही पोरी, आणि भाजी निवडायला घेतली.

नकार चौथ्या दिवशी आला. लग्न जुळवणाऱ्या नातेवाइकाने बजरंगांना फोन करून सांगितलं की मिरजगावकर म्हणतात, यंदा आमचा विचार नाही. प्रज्ञा महिनाभर थांबा म्हणाली होती, पण लग्नाच्या बोलण्यात थांबा म्हणजे नाही, हे तिला सुचलं नव्हतं. सहादेवांना ते न सांगता कळलं होतं.

रविराज दुपारी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ज्योतीचा फोन लागत नव्हता. बहुतेक घरच्यांनी घेतला असावा. त्याने विचारलं की ताई, तिचे वडील आले होते तेव्हा काय म्हणाले. त्याच्या बोलण्यात संशय नव्हता. आपल्याकडून काय चुकलं ते त्याला शोधायचं होतं. मशिन बंद का पडली ते शोधावं तसं तो एकेक गोष्ट विचारत होता. घराबद्दल काही बोलले का, जमिनीबद्दल, वडिलांच्या धंद्याबद्दल.

"चांगलंच सांगितलं मी," प्रज्ञा म्हणाली.

"तुम्ही वाईट कशाला सांगाल," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

पुढचे दिवस तिला जड गेले. रोज सकाळी ती ठरवून यायची की आज याला सांगून टाकू. पण तोवर कोणाचा तरी फोन यायचा, कोणी सुट्टीचं विचारायला यायचं. एक मुलगी हप्त्यावर स्कूटी घ्यायची म्हणून रंग दाखवायला आली, तेव्हा तर प्रज्ञाने कसंबसं म्हटलं की पुढच्या महिन्यात घे, सणाला सूट मिळते. ती मुलगी खूश होऊन गेली.

मेल आला तेव्हा सगळे जागेवर होते. एकाने वाचला, मग दुसऱ्याने, मग हेडफोन खाली ठेवल्याचे आवाज. स्कूटीवालीने डोळे पुसले आणि वाजत असलेला फोन उचलला, कारण पलीकडे दवाखाना होता. सगळ्यांनी प्रज्ञाकडे बघितलं आणि तिने सांगितलं की माझंही नाव त्यातच आहे. त्यामुळे तिच्यावर कोणी चिडलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

रविराज सगळे चहाला गेल्यावर आला. त्याने खुर्ची ओढून घेतली.

"तुम्हाला आधी माहीत होतं."

ती हो म्हणाली.

"काका आले त्या दिवशी पण?"

"हो. मी त्यांना फक्त महिनाभर थांबा म्हणाले."

तो टेबलाकडे बघत होता. मग म्हणाला, "मला सांगायचं होतं ना, ताई. मी कुणाला बोललो नसतो. मी ज्योतीला स्वतः सांगितलं असतं. माझ्या तोंडून कळलं असतं तर ती थांबली असती. तिच्या बहिणीचं तिने मला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, नोकरी गेली तर चालेल, पण मला सांगायचं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, खुर्ची होती तिथे नीट ठेवली आणि गेला.

नंतरच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. ऑफिस आवरायचं काम चाललं होतं, कंप्युटर खोक्यांत भरले जात होते, तेव्हा राधाकृष्ण सरांचा फोन आला. जुन्या मशिनी जोडलेल्या दवाखान्यांत नवी आवृत्ती चालेना. पुण्यात त्या मशिनींचं कोणालाच कळत नव्हतं. सरांनी वर दोन नावं दिली होती, रविराजचं आणि प्रज्ञाचं. एकच मंजूर झालं. रविराजला कंपनी थेट आपल्या पगारावर घेत होती, मध्ये व्हेंडर नाही. पुण्यात, आत्तापुरतं एक वर्षासाठी.

"तुझ्यासाठी मी खूप प्रयत्न केला," सर म्हणाले.

प्रज्ञाने थँक्यू म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला क्षणभर वाईट वाटलं ते स्वतःचंच. आठ वर्षं तिची होती, रविराजची चार. मग एकदम मिरजगाव आठवलं. तिने त्या माणसाला खरं सांगितलं होतं आणि ते आता खरं राहिलं नव्हतं.

रविराज बातमी ऐकून खूश झाला नाही. जातो म्हणाला. घोडेगावला बजरंगांनी पेढे वाटले म्हणे, पण त्याने ऑफिसात कोणाला दिले नाहीत. देणार तरी कोणाला आणि कुठल्या तोंडाने.

रविवारी प्रज्ञा एकटीच सोलापूरच्या गाडीने मिरजगावला गेली. तिने रविराजला सांगितलं नाही, आप्पांनाही मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. सहादेवांचं दुकान स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पत्र्याची शेड, पुढे अर्धी रंगवलेली ट्रॉली. एक चष्मा लावलेला तरुण माणूस ग्राइंडरने लोखंडी पट्टी घासत होता. तिला बघून त्याने मशिन बंद केली आणि अगदी चांगल्या पुणेरी भाषेत विचारलं, कोण हवंय आपल्याला. हाच तो थोरला जावई, हे तिने ओळखलं.

सहादेवांना तिला बघून आनंद झाला. दुकानामागेच घर होतं. त्यांनी तिला आत नेऊन पलंगावर बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. बायकोला हाक मारून सांगितलं की या त्या नगरच्या ताई. त्यांनी बातमी ऐकली होती की ऑफिस बंद झालं. ते तिचे आभार मानायला लागले. तुम्ही होता म्हणून आमची दुसरी पोरगी वाचली, कुठली कोण तुम्ही, पण सख्ख्या माणसासारखं सांगितलं. प्रज्ञाला ते ऐकवेना. तिने त्यांना मध्येच थांबवून सांगितलं की रविराजला कंपनीने ठेवून घेतलंय. पुण्याला, कंपनीच्या स्वतःच्या पगारावर.

सहादेवांचे हात मांडीवर तसेच राहिले.

"कायम?"

"एका वर्षाचं पत्र आहे."

"आन मंग?"

"मग बहुतेक वाढवतील."

ते बाहेर बघत होते. जावयाने ग्राइंडर पुन्हा सुरू केला होता.

"म्हंजी येका वर्षानं मी परत तुमाला इचारायला यायाचं," ते म्हणाले. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखरच असं वाटत होतं की तसंच करावं लागलं असतं.

प्रज्ञा म्हणाली की काका, तेव्हा मी तिथे नसेन. मलाही काढलंय.

तेव्हा त्यांना तिची परिस्थिती पहिल्यांदा कळली. ते ओशाळले. तुमचं कसं व्हायचं मग, मालक काय करतात, पोरं किती, असं विचारत राहिले. मग सांगितलं की ज्योतीचं परवाच ठरलं. जामखेडकडचा मुलगा, पाटबंधारे खात्यात, कायम. सुपारी फुटली. मुलगा बरा आहे, जरा वयाने मोठा आहे, पण आता शब्द दिला. रविराज त्यांना आवडला होता हे त्यांनी दोनदा सांगितलं. वाईट त्यांनाही वाटत होतं. पण शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्या घरच्यांचं काय, आणि तो कशासाठी घ्यायचा, एका वर्षासाठी? ती ज्यासाठी आली होती ते बोलून झालं होतं आणि त्याने काहीही बदललं नव्हतं.

चहा ज्योतीने आणला. बारीक, सावळी, केस घट्ट बांधलेले. कप देताना तिने प्रज्ञाकडे नीट बघितलं. आतून तिने सगळं ऐकलं असणार. सहादेव कोणाच्या तरी हाकेने दुकानात गेले तेवढ्यात तिने विचारलं, "ते पुण्याला कधी जाणार?"

"बुधवारी."

ज्योतीने मान हलवली. काही सांग असं ती म्हणेल, म्हणून प्रज्ञा थांबली. पण ज्योतीने रिकामा कप घेतला आणि म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांब आलात," आणि आत गेली.

त्यानंतर प्रज्ञाने नोकरी शोधायला सुरुवात केली. नगरमध्ये तिच्या कामाचं काही नव्हतं. पुण्यातल्या दोन-तीन ठिकाणी तिने अर्ज केले, घरून काम चालेल म्हणून. एका ठिकाणची मुलाखत लॅपटॉपवर झाली. पलीकडे एक हसरी, लहानशी मुलगी होती, कदाचित तिची पहिलीच नोकरी असेल. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या आठ वर्षांत चार कंपन्या झाल्यात. तुम्ही कुठे टिकत नाही का?"

प्रज्ञाने सांगितलं की मी आठ वर्षं एकाच खोलीत, एकच काम करत होते, बदलल्या त्या पगार देणाऱ्या कंपन्या.

"हो, पण इथे चार दिसताहेत ना," ती मुलगी म्हणाली. तिलाही वाईट वाटल्यासारखं झालं, पण तिच्यासमोर रकाने होते आणि ते भरायचे होते.

ते काम मिळालं नाही. पुढचं एक मिळालं. सहा महिन्यांचं, पगार आधीपेक्षा कमी, पुन्हा व्हेंडरमार्फत. आप्पांनी विचारलं नाही की सहा महिन्यांनंतर काय. त्यांनी मागच्या खोलीतली त्यांची कॉट काढून पुढे घेतली आणि तिथे तिला टेबल लावून दिलं. नातू शाळेतून आल्यावर दंगा करू नये म्हणून ते त्याला घेऊन रोज भिंगारच्या मैदानावर जाऊन बसत. प्रज्ञा दिवसभर हेडफोन लावून बोलायची. आता ती दवाखान्यांऐवजी माल वाहणाऱ्या ट्रकांच्या तक्रारी ऐकत होती.

एक दिवस कामाच्या मध्येच रविराजचा फोन आला. गेल्यापासून पहिल्यांदाच. संगमनेरच्या एका जुन्या दवाखान्याचं बिल दोनदा पडत होतं आणि पुण्यात कोणाला कारण सापडत नव्हतं. प्रज्ञाला ते माहीत होतं. तिनेच तीन वर्षांपूर्वी त्या दवाखान्यासाठी वेगळी सोय करून दिली होती. तिने त्याला कुठे बघायचं ते सांगितलं. तो लिहून घेत होता, मध्ये मध्ये हं म्हणत होता. तिथल्या कामाबद्दल तिने विचारलं तर बरं आहे म्हणाला. सगळे त्याच्यापेक्षा जास्त शिकलेले आहेत आणि प्रत्येकाला धास्ती आहे, असंही म्हणाला.

मग त्याचा आवाज जरा खाली आला.

"ज्योतीचं लग्न झालं, ताई. रविवारी. तिच्या मैत्रिणीने फोटो टाकला होता." आणि काही वेळाने, "बरी दिसत होती."

प्रज्ञाने कितीतरी गोष्टी मनात ठरवून ठेवल्या होत्या त्याच्याशी बोलायच्या. मिरजगावला जाऊन आले तेही त्याला सांगायचं होतं. पण आता ते सांगून त्याला काय मिळणार होतं, ते तिला कळेना. तिने विचारलं, "जेवणाचं काय करतोस?"

"मेस लावलीय. बरी आहे." मागून कोणीतरी त्याला हाक मारली. "चला, ठेवतो ताई. ते बिलाचं झालं की कळवतो."

तिच्या हेडफोनमध्ये तोवर ट्रकवाला खोळंबला होता. तिने त्याची माफी मागितली आणि गाडीचा नंबर विचारला.